शेपटाला पडलेलं मत

नाही, नाही, मला त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाहीये! झालं ते झालं, निकाल लागला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले, फोटोत मी नाही कारण फोटो मीच काढत होतो, विषय संपला! पण आता तुम्ही एवढ्या काळजीनं विचारताय की चेहरा का उतरलाय, तर सांगतो... आणि मध्येच थांबवू नका, मला धावताना लोक थांबवतात तेवढं पुरे आहे.

तर आमचा धावणाऱ्यांचा क्लब आहे, एक्केचाळीस माणसं, दर रविवारी सकाळी सहाला तळ्याच्या फाटकापाशी जमायचं, तळ्याला एक चक्कर मारायची, पाच किलोमीटर, आणि मग गुडघ्यांवर तासभर बोलायचं. त्यात मी कोण? मी शेपूट! हसू नका, पद आहे ते! सगळ्यांच्या मागे एकानं नारिंगी जाकीट घालून धावायचं, म्हणजे कोणाचा पाय मुरगळला, कोणी चक्कर येऊन बसलं, तर त्याला घेऊन यायचं. शेपूट पोचलं की समजायचं, सगळे पोचले. अकरा वर्षांपूर्वी अध्यक्षीणबाईंनी ते जाकीट माझ्या अंगावर टाकलं, (नाकात बोलतात त्या) "एवढा एक रविवार सांभाळून घ्या हं, काय आहे ना, शेवटी कोणीतरी असायला लागतं!" एक रविवार! अकरा वर्षं झाली, तो रविवार अजून संपायचाय. जाकिटाचा रंग विटला, चेन गेली, मी आहे तिथेच आहे.

आणि मला जोरात धावता येत नाही असं समजू नका. येत असेल! येतच असेल! पण कळणार कसं? माझ्या पुढे आमचे हेडमास्तर. निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, ते धावतात असं त्यांचं म्हणणं आहे. एक पाऊल टाकतात, विचार करतात, मग दुसरं टाकतात. अकरा वर्षं मी त्यांची पाठ बघतोय, त्यांच्या बनियनला मागे किती भोकं आहेत ते मला विचारा. आणि गोड बोलणं? छे! दर रविवारी तेच, "काय रे, मागून पाय वाजवू नकोस! कोणी गुरं हाकतंय असं वाटतं मला." मी म्हणतो, "हो सर." दुसरं काय म्हणणार? शाळेत मला गणित शिकवलंय त्यांनी.

आता बक्षिसांचं. वर्षाच्या शेवटी 'वर्षाचा सभासद' निवडतात. प्रत्येकानं चिठ्ठी लिहायची, एक नाव, खाली एका ओळीत कारण, आणि चिठ्ठी बुटाच्या खोक्यात टाकायची. ज्याला जास्त मतं त्याला ट्रॉफी. पण आमच्याकडे एक पद्धत आहे, नीट ऐका, इथेच सगळं अडलंय... ज्याला एक, अगदी एक मत पडलं, त्याचंही नाव समारंभात मोठ्यानं वाचतात, तो उभा राहतो, टाळ्या होतात. अकरा वर्षांत मी एकदाही उभा राहिलो नाही! एकदाही!

आमच्या घरी काचेचं कपाट आहे. त्यात नऊ ट्रॉफ्या. सगळ्या बायकोच्या! ती पुढच्या फळीत धावते, मला दिसते ती फक्त निघताना आणि पोचल्यावर. त्या ट्रॉफ्या दर आठवड्याला पुसतो कोण? मी. आणि पुसता पुसता, तुम्हाला म्हणून सांगतो, एकेक जराशी सरकवत सरकवत मी शेवटी एका ट्रॉफीची जागा करून ठेवलीय. तिच्या लक्षात आलेलं नाही. म्हणजे मला हवी होती हो! काय वाईट आहे त्यात? आणि ट्रॉफी नाही तर नाही, पण एकदा नाव तरी घ्यावं कोणी, "उभे राहा" तरी म्हणावं! मी इतका वेळ उभाच असतो म्हणून काय झालं?

यंदा झालं काय, गेल्या वर्षी लोकांनी चिठ्ठ्यांवर सह्या ठोकल्या. आमचे विमावाले, त्यांनी तर चिठ्ठीला स्वतःचं कार्ड टाचलं. झालं! कोणी कोणाला दिलं, कोणी कोणाला नाही दिलं, सगळा बभ्रा, दोन मैत्रिणी अजून तळ्याच्या दोन बाजूंनी धावतात. तेव्हा यंदाच्या बैठकीत मी उठलो. मी! म्हटलं, नियम करा, ज्या चिठ्ठीवर मत देणाऱ्याचं नाव किंवा सही दिसेल ती बाद. आणि काय सांगू, एकमतानं मंजूर! अकरा वर्षांत माझं पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं. हेडमास्तर समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते, मला वाटलं लक्ष देऊन ऐकताहेत.

मग प्रश्न आला, मोजणार कोण? सगळ्यांच्या माना माझ्याकडे. अध्यक्षीणबाई म्हणतात, "अहो, तुमचं औषधाचं दुकान, डॉक्टरांचं अक्षर तुम्ही वाचता, तुम्हाला काय अवघड आहे? आणि तुमचं नाव काही त्यात येणार नाही, म्हणजे निःपक्षपाती!" बघा! अजून मत पडलं नाही, खोकं रिकामं आहे आणि माझा निकाल लागला! मी काही बोलायच्या आत, "घ्या, शेवटी कोणीतरी असायला लागतं!" आणि खोकं माझ्या मांडीवर.

पण पुढे ऐका! खोकं ठेवलं दुकानात, गल्ल्याशेजारी, आणि लोक चिठ्ठी टाकायला यायला लागले. आणि प्रत्येक जण, प्रत्येक जण हो, चिठ्ठी टाकायची, इकडे तिकडे बघायचं आणि माझ्या कानाशी यायचं. विमावाले, (खांद्यावर हात टाकतात, हात जडशीळ) "मत तुम्हालाच दिलंय हं! तुमच्याशिवाय आहे काय क्लब?" वकीलबाई, "मी कुठे बोलत नाही, पण यंदा तुमचाच हक्क आहे." दातवाले डॉक्टर, ते तर इतके भारावले, "मी म्हणजे मला स्वतःलासुद्धा दिलं नाही, तुम्हाला दिलं!" एक झाला, चार झाले, मी खोकल्याच्या औषधाच्या पुठ्ठ्यावर रेघा ओढायला लागलो. शनिवार दुपारपर्यंत किती? सतरा! सतरा माणसं! मी घरी जेवताना पोळी कमी खाल्ली, म्हटलं स्टेजवर पोट दिसायला नको.

एकटी बायको खरं बोलली. म्हणाली, "अहो, मी तुम्हाला नाही देणार. लोक म्हणतील नवरा म्हणून दिलं." मी म्हटलं, "अगं, गुप्त आहे ते!" तर म्हणते, "मला तर कळेल ना?"

शनिवारी दुपारी दुकान बंद केलं, शटर अर्धं ओढलं, मागच्या खोलीत खोकं उघडून बसलो. आणि तेव्हा लक्षात आलं. अहो, मला अक्षरं ओळखू येतात! बावीस वर्षं ह्या लोकांच्या चिठ्ठ्या, याद्या, उधारीच्या नव्हे हो, औषधांच्या याद्या वाचतोय मी! कोण अक्षरं तोडून लिहितं, कोण उकार विसरतं, सगळं पाठ! गुप्त मतदान जगाला गुप्त, मला उघडं पुस्तक! आणि ह्या सतरा जणांच्या डोक्यात आलंच नाही, की ज्याच्या कानात आपण सांगतोय तोच उद्या मोजायला बसणार आहे?

पहिली चिठ्ठी विमावाल्यांची. नाव? दातवाले डॉक्टर. दुसरी वकीलबाईंची. दातवाले डॉक्टर! तिसरी, ते डॉक्टरांचं अक्षर, त्यांचं अक्षर मी आंधळा झालो तरी ओळखेन. 'वर्षाचा सभासद : मी स्वतः. कारण : नेतृत्वगुण.' मी स्वतः! नावसुद्धा लिहायची तसदी नाही! नाव नाही, सही नाही, म्हणजे नियमानं बादही नाही! बायकोची आली, तिचंही डॉक्टरांनाच, कारण लिहिलंय, 'वेळेवर पोचतात, घरच्यांना ताटकळत ठेवत नाहीत.' हा कोणाला टोमणा आहे ते मला कळतं हो! एकेक चिठ्ठी उघडतोय, पुठ्ठ्यावरची एकेक रेघ खोडतोय... सतराच्या सतरा रेघा खोडल्या. आणि खरं सांगू? माझी स्वतःची चिठ्ठीसुद्धा निघाली. मी कोणाला दिलं होतं? दातवाल्यांनाच! माझी दाढ काढायचीय मंगळवारी त्यांच्याकडे, माणसानं पुढचा विचार करायला नको? आणि त्यांना ते कानात सांगितलंही होतं. त्यांच्या आधी अजून दोघांना सांगितलं होतं, पण ते जाऊ दे.

शेवटची चिठ्ठी राहिली. तळाला, चार घड्या घातलेली, वहीच्या रेघी कागदाची. उघडली. अक्षर थरथरतंय, पण एकेक काना ताठ, वेलांटी जिथल्या तिथे... हेडमास्तर! आणि नाव माझं! माझं पूर्ण नाव हो, आडनावासकट, शाळेच्या हजेरीपटात होतं तसं! खाली कारण. 'मागे वळून पाहिलं की असतो.'

बस्स. एवढंच. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. अकरा वर्षं मला वाटत होतं ह्या माणसाला मी नको झालोय! आणि मग नजर खाली गेली. कारणाच्या ओळीच्या अगदी कुशीत... सही! लफ्फेदार, खाली दोन टिंबं, आणि तारीख! चाळीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या त्या माणसानं, कागद समोर आला की हात थांबतो का? आणि नियम काय? सही दिसली की बाद. नियम कोणाचा? माझा! एकमतानं मंजूर!

आता तुम्ही म्हणाल, दुकानात कात्री नव्हती का? होती! गोळ्यांची पाकिटं दिवसभर कापतो मी, हातातच होती. सही कापली की मत चोख, मत चोख की नाव वाचणार, नाव वाचलं की मी उभा! कोण बघतंय? पण सही बसलीय त्या ओळीत घुसून, सही कापायची तर 'असतो' जातो. नुसतं 'मागे वळून पाहिलं की' उरतं. मग काय अर्थ राहिला? कात्री लावली, काढली, परत लावली... आणि शेवटी ठेवून दिली. चिठ्ठीवर लाल पेनानं 'बाद' लिहायचं होतं, तेवढं मात्र माझ्या हातून झालं नाही. वेगळ्या कागदावर लिहिलं, 'बाद मतं : एक.'

समारंभ झाला. निकाल मीच वाचला, म्हणजे वाचायलाही मीच! दातवाले डॉक्टर प्रथम, मग ज्यांना एक-दोन मतं पडली ते सगळे उभे राहिले, नऊ जण, टाळ्या, टाळ्या, टाळ्या! आणि मग ते सतरा जण एकेक करून माझ्याकडे. विमावाले, तोच हात त्याच खांद्यावर, "अरेरे! थोडक्यात हुकलं तुमचं!" वकीलबाई, "आम्ही तर दिलं होतं, बाकीच्यांनी घात केला बघा." मी म्हटलं, "हो ना, बाकीचेच वाईट." डॉक्टरांनी भाषणात आभार मानले, "आणि आपलं शेपूट, शेवटी कोणीतरी असायला लागतं!" लोक हसले. मी पण हसलो. दाढ ठणकत होती.

ती चिठ्ठी मी घरी आणली आणि काचेच्या कपाटात, त्या मोकळ्या जागेत उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी बायको म्हणते, "हा कसला कागद इथे? धूळ बसेल." मी म्हटलं, "बसू दे. पुसतो मीच." तिनं वाचली बहुतेक. कारण संध्याकाळी बघतो तर दोन ट्रॉफ्या जरा बाजूला सरकलेल्या.

पण खरी गोष्ट आजची! आज रविवार, परत तळं, परत जाकीट, पुढे हेडमास्तर. अर्ध्या चकरेत ते थांबले. कधी थांबत नाहीत हो ते, म्हणजे फरक कळत नाही, पण थांबले. मागे वळले. "काय रे, समारंभाला मला येता आलं नाही, गुडघा. माझं मत मोजलंस ना?"

सांगा! काय सांगायचं होतं मी? सर, तुमच्या सहीनं घोळ केला? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला? आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना नापास केलं त्याला सांगू, तुमचा पेपर बाद? आठवडाभर लोकांची थापेबाजी मोजली मी, त्यात माझी एक टाकली. म्हटलं, "मोजलं सर."

"मग नाव वाचलं? उभा राहिलास?"

"राहिलो सर."

इतका खूश झाला तो माणूस! माझ्या पाठीवर थाप मारली, वळले, एक पाऊल टाकलं, विचार केला, दुसरं टाकलं, आणि मान न वळवता म्हणाले, "पुढच्या वर्षीही देईन! आणि दर वर्षी देईन, आहे तोवर! अगदी सहीनिशी!"

म्हणजे आता पुढच्या वर्षीचा निकाल मला यंदाच माहीत आहे. मोजायचं बाकी आहे, तेही मीच मोजणार.