काढलेला उंबरठा

अरे, आमच्या आईचं मनगट प्लास्टरमध्ये नेमकं कशामुळे गेलं, ते मला अजून नीट कळलेलं नाहीये. ती बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या एका वृद्धाश्रमात असते. तिथल्या मॅडमचा फोन आला, "आई खोलीच्या दारात पडल्या." मी रिक्षा पकडून धावलो. डोकं सटकलेलंच होतं.

"उंबरठ्याला अडखळली ना? तरी सांगत होतो, तोडून टाका म्हणून!"

"तोडला ना सर, परवाच. तुम्हीच मागे लागला होता."

"मग पडली कशी?"

"उंबरठा ओलांडताना."

मग खाटेवर बसलेल्या आईकडे वळून तिलाच विचारलं.

"जन्मात कधी उंबरठ्यावर पाय दिला नाही मी," ती म्हणाली. "नेहमीसारखा पाय उंच उचलला आणि तोल गेला."

"अगं, पण तिथे आता काहीच नाहीये!"

"माहितीये मला. म्हणून काय त्याच्यावर पाय देऊ?"

मी तणतणत खोलीबाहेर निघालो, तेवढ्यात मॅडम मागून ओरडल्या, "सर, सांभाळून!"

खाली बघितलं, तर सपाट लादी, आणि माझा एक पाय हवेत.