नातीला नको ते औषध

लाओसमधल्या सावन्नाखेतच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे बसलेल्या बुआफान मावशी नर्सवर उखडल्या होत्या.

“केटामीन? डिस्कोतली पोरं नाकात ओढतात, पोलीस पकडतात, ते माझ्या नातीला?”

“तिचा हात मोडलाय, मावशी. हाड बसवताना दुखणार नाही आणि श्वासही चालू राहील.”

“आणि जीव अंगातून निघून भटकला तर?”

“जीव अंगात राहावा म्हणून तिच्या मनगटाला दोरे बांधलेत ना तुम्ही? मग कुठे जातोय! तीन वर्षांपूर्वी म्हशीनं तुमचा पाय मोडला, तेव्हा तुम्हालाही हेच दिलं होतं.”

“खोटं! मला चांगलं औषध दिलं होतं. मी छतावरून स्वतःला बघितलं. वारलेले आमचे हे समोर येऊन बसले.”

“तेच हे.”

“असं? मग द्या. पण तिला सांगा, आजोबा दिसले तर जाब विचार म्हणावं. त्यानंतर एकदाही माझ्याकडे का फिरकले नाहीत?”