सुकेशनी सिस्टरची तक्रार

—व्हय, अर्ज माझाच. मी सरूबाई. नातीनं लिहून दिला, अपेक्षानं. तुम्ही बसा ना मॅडम, आरोग्य केंद्रातून एवढ्या उन्हात आलात. हळू बोला फक्त — म्हातारं आत झोपलंय, त्येला ठाव नाय म्या अर्ज दिल्याचं. काय लिहायचं म्हणता? लिहा, ती सुकेशनी सिस्टर नको आमच्या घरी. मंगळवारी न् शुक्रवारी येती, शुगरनं चिघळलेल्या पायाची पट्टी करती न् जाती. — नाय, उशीर नाय करत. धा म्हणजे धा. हात? धुती की, कोपरापस्तोर धुती, साबण घरून आणती — आमच्या साबणाला काय काटे हायेत? हे बी लिहा.

तुम्ही गालात हसू नका मॅडम. पन्नास वर्षं झाली लग्नाला. त्यातली तीस मेंढरामागं गेली. पाचोडहून निघालो की सहा-सहा महिने घराचं तोंड नाय, म्हातारं कळपाच्या पुढं न् मी घोड्यावर बिऱ्हाड लादून मागं. त्या पायातले काटे कोण काढायचं? मीच. बाभळीचा काटा सुईनं नाय निघाला तर दातानं काढलाय. अन् आता ही कालची पोर मला म्हणती, "आजी, जखमेला तुम्ही हात लावायचा नाय." मला! माझ्या नवऱ्याच्या पायाला! अन् म्हातारं काय करतं? मान हालवतं.

तंबाखू सोड म्हणून माझ्या बापानं हात जोडले होते त्येला, म्या पोराची आण घातली — सोडली? तिनं एकदा म्हणलं, "बाबा, ही नको बरं," तर लगीच चंची काढून तिच्या हातात. ती चंची म्या शिवलेली, मॅडम, माझ्या लग्नातल्या चोळीच्या तुकड्याची! म्या बिनसाखरेचा चहा दिला तर खेकसतं, अन् ती समोर बसली की तोच चहा फुरके मारत पितं, म्हणतं, "गोडच लागतो की." तिच्या वारी सकाळी सातलाच आंघोळ करून, धोतर बदलून ओट्यावर बसतं. माझी कंबर दुखती का कधी इचारलं नाय, पण "सिस्टर, गाडीचं टायर बदललं का?" हे इचारतं. त्या मंगळवारी तिनं पाय मांडीवर घेतला, म्हातारं काय तरी पुटपुटलं न् दोघंबी खळखळून हसली. मी दारात. काय झालं म्हणलं, तर म्हणतं, "तुला नाय कळायचं."

मग काय, शुक्रवारी पट्टी उघडली तर पाय हा एवढा सुजलेला, वास मारायला लागलेला. तिच्याच पट्टीनं बिघडला, असं लिहा. — पिवळं? तिनं सांगितलं व्हय तुम्हाला पिवळं होतं म्हणून? हळद असंल. हळद काय इख हाय का? मेंढीचा खूर सडला तर हळदच भरायचो आम्ही, चौथ्या दिवशी मेंढी कळपात.

... व्हय. म्याच सोडली पट्टी. बुधवारी दुपारी, घरात कोण नव्हतं. पाय मांडीवर घेतला — किती महिन्यांनी घेतला, मॅडम! हळद लावाया लागले तर म्हातारं म्हणलं, "सरू, सिस्टर रागवंल." हे बोलायचं नव्हतं त्येनं. मग म्या आणखी मूठभर भरली, दाबून भरली, न् वरून तिच्यासारखीच पट्टी गुंडाळली.

शुक्रवारी ती रडकुंडीला आली. "बाबा, कुणी सोडली हो?" मी गॅसपाशी, पाठ करून. म्हातारं म्हणलं, "मीच. खाजत होतं." लई बोलली ती त्येला. खाली मान घालून ऐकलं, माझ्याकडं बघितलं बी नाय. तिनंच रिक्षा आणली, घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. करंगळी काढावी लागली पायाची. डॉक्टर म्हणले, सिस्टरनं येळंवर आणलं म्हणून बाकीचा पाय वाचला. सगळे तिलाच शाबासकी देत होते. मी बाहेर, त्येची एक चप्पल हातात धरून. घरी आले न् अपेक्षाला म्हणलं, घे पेन.

— नोकरी जाईल? तिची? एका अर्जानं? म्या तर म्हणलं दुसरीकडं पाठवतील, छावणीच्या पल्याड कुठंतरी...

थांबा. खोडा ते. लिहा, पट्टी सरूबाईनं सोडली. हळद सरूबाईनं भरली. येऊ द्या तिला मंगळवारी. पण त्याच्याखाली अजून एक लिहा — पट्टी तिनं बांधावी, पाय माझ्या मांडीवर ऱ्हाईल. कसा धरायचा ते शिकवावं मला, हात तिच्या साबणानं धुवायचा तर तसा धुईन. पण पाय मी धरीन. नाय, असं चालत नाय म्हणू नका, लिहा.

लिहिलं? वाचून दाखवा. ... पुन्हा वाचा, ते शेवटचं.

बरं. आता निघा मॅडम. म्हातारं उठंल, न् तुम्ही कोण म्हणून इचारलं तर मला त्येच्याशी खोटं बोलता येत नाय.