एक इंजिन, सहा विहिरी

नाही नाही, साहेब, तसं लिहू नका — आधी ऐकून तर घ्या. भिकनला लागलं ते इंजिनाच्या हँडलनं. उलटं फिरतं ते, माणसाला फेकून देतं. मी चौथी नापास, पण डिझेल इंजिन खोलून परत जोडलेला दिंडोरीतला पहिला माणूस कोण? हा रंगनाथशेठ. मलाही हँडलनं एकदा असा दणका दिला की महिनाभर मनगट फळीत. चहा घ्या ना, गार होतोय.

यादीत सहा नावं — बरोबर. सहा लहान शेतकरी, सहा इंजिनं, किमतीचा तिसरा हिस्सा सरकार माझ्या दुकानाला देतं — तेही बरोबर. आणि इंजिनं? आता तुम्ही खात्यात नवीन, तुमच्यापासून काय लपवायचं — इंजिन एकच. तपासणीचे साहेब जीपनं रस्त्यानं यायचे, आमचा भिमाजी बैलगाडीत इंजिन टाकून शेताशेतातून. साहेब कोंबडी खायला बसले की इंजिन पुढच्या विहिरीवर हजर! परवा तर गंमतच — तिसऱ्या विहिरीवर साहेबांनी इंजिनावर हात ठेवला, चटका बसला. म्हणाले, "शेठ, सुरू करायच्या आधीच तापलं?" म्हटलं, "साहेब, शेतकरी कष्टाळू, पहाटेपासून पाणी उपसतोय." विहीर कोरडी ठाक हो! हसले, सही केली. गोड माणूस.

कुणाचं काय बिघडलं सांगा? पाच जणांनी धोतरजोडी घेतली, अंगठा दिला, गप्प बसले. हा भिकन मात्र — बौद्धवस्तीतला, दोन एकरवाला — चौथी विहीर त्याची, आणि नेमकं तिला पाणी. अर्धा तास इंजिन चाललं, पाणी त्याच्या गव्हात शिरलं, झालं! जीप वळली, भिमाजी बैल जुंपतोय, तर ह्यानं इंजिनाला मिठीच मारली. "शेठ, कागदावर अंगठा माझा हाय. इंजिन बी माझंच हाय." म्हटलं, "अरे बाबा, साहेब पुढच्या विहिरीवर पोचतील." "पोचू द्या की. त्यास्नीच सांगतो." तापलेलं लोखंड, साहेब — कातडीचा वास यायला लागला, तरी सोडेना!

मग काय करणार? भिमाजीनं पाय धरून ओढला. चाबकाच्या दांड्यानं पाठ फोडली. त्याची बायको चांगुणा मध्ये पडली, तिला केसाला धरून बांधावर आपटली — बाईमाणसाला मी हात लावत नाही, ते भिमाजीनं केलं. तरी हा सोडेना. मग मी तोच दांडा डाव्या कोपरावर एकदाच घातला. काटकी मोडल्यासारखा आवाज आला, हात सुटला. तर उजव्यानं नळी पकडली, म्हणून मग तिथंही —

काय?

दोन्ही कोपरं... हां. हँडलनं दोन्ही मोडत नाहीत, खरं आहे तुमचं. सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन आलात? कधी, सकाळीच? मग तासभर मला बोलतं कशाला ठेवलंत हो?

असू दे. अडचण माझी समजून घ्या. इंजिन तिथंच राहिलंय. चांगुणा आणि सगळी वस्ती कोयते घेऊन भोवती बसलीय, आणि वर गव्हाला पाणी देतायत — डिझेल कुणाचं, माझं! पुढच्या दोन विहिरींवर इंजिन पोचलंच नाही, त्या जीपवाल्या साहेबांनी घाबरून रजा टाकली. आता सही तुमचीच. फार नाही, दोन ओळी लिहा — सहाही इंजिनं जागेवर, भिकनचा अपघात. तुम्ही तरणे आहात, नाशिकला बायको-मुलगी आहे, दिंडोरीच्या बसनं जाता-येता — मी चौकशी केली हो, सहज.

लिहिताय? शाब्बास. द्या बघू इकडे... "एकच इंजिन, भिकनच्या ताब्यात. विक्रेत्यानं मारहाण..."

साहेब, हे पान फाडा.

फाडा म्हणतोय ना. — उठू नका, बसा खाली. भिमाजी, शटर ओढ. अर्धं नको, पूर्ण.