बेसमधून निघालेली गिटार

"हॅलो?… हो, हरिचंद्रच. कोण, कुंदा? अगं, मोठ्यानं बोल, नीट ऐकू येत नाही…"

अंबरनाथच्या त्या चाळीत फोन एकट्या रामभाऊंकडे. त्यांची हाक आली तसा हरिचंद्र अर्धी दाढी तशीच ठेवून धावला होता. बदलापूरहून धाकट्या बहिणीचा फोन होता; तिचा नवरा शंकर आणि हरिचंद्र एकाच शेठच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे.

"काय?… विकतोय? गिटार?… अगं पण प्लास्टरचा हात घेऊन निघालाय कुठे?… रडू नकोस. आधी सांग, शंकर काल उल्हासनगरला, कॅम्प तीनला आला होता? प्रोग्रामच्या हॉलपाशी?… मग आत का नाही आला?… हं… हं… बाहेरूनच ऐकलं…"

त्यानं गालावरचा साबण मनगटानं पुसला.

"नाही गं! नवा गिटारवाला कुणीच आणलेला नाही… लपवायला कशाला?… अगं ऐक ना, ते मीच वाजवत होतो… गिटार नव्हे, माझा बेस… हो, हो, तोच, जाड तारांचा, ढुमढुम करणारा. थट्टा नाही करत गं!… पायाखाली एक पेडल असतं. शेठच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलंय. ते दाबून तार छेडली की स्वर एक सप्तक वर जातो. लांबून ऐकणाऱ्याला गिटारच वाटते… तेवढा वेळ खालचा बेस चिंतामणी की-बोर्डवर सांभाळतो."

"का म्हणजे? शंकरसाठीच! हा मोटरसायकलवरून पडला, मनगट मोडलं, आणि शेठ लगेच दुसरा माणूस शोधायला निघाला. एकदा दुसरा त्या खुर्चीवर बसला की उठतो होय? म्हटलं, हात बरा होईपर्यंत गाण्यातल्या त्याच्या जागा मी भरतो… सांगायला हवं होतं, खरंय. पण तो घरी बसलेला, आणि मी त्याचेच गिटारचे पीस वाजवतोय… कुठल्या तोंडानं सांगू?"

रामभाऊंच्या द्रौपदीकाकू चहा ठेवून आत गेल्या. हरिचंद्रनं आवाज खाली आणला.

"कुंदे, अजून एक आहे. शेठ भलताच खूश झाला. म्हणतो, 'साईं, एक आदमी में दो काम! अब गिटारवाला किसलिए?'… हो, असंच म्हणाला… मी काय बोलणार? म्हटलं, शंकर नाही तर मी पण नाही… काल, प्रोग्राम संपल्यावर… अडवतोय कसला! पेडल त्याचं. म्हणाला, बेसवाले काय उल्हासनगरात कमी पडलेत?… हो गं. माझंही काम गेलं… नाही, आईला अजून नाही सांगितलं. तूही सांगू नकोस."

"दारातच आहे ना तो? दे त्याला फोन… नाही म्हणाला तरी दे."

पलीकडे रिसीव्हर या हातातून त्या हातात गेला.

"शंकर?… अरे, शिव्या दे, पण बोल… ऐकलंस ना सगळं?… हं… नाही रे, कॉर्ड नाही जमत. दोन तारा एकदम वाजवल्या की पेडल गोंधळतं, गुळण्या केल्यासारखा आवाज काढतं. आणि जलद जागेला स्वर मागून धावत येतो… हो, दुसऱ्या अंतऱ्याआधी घसरलंच. कळलं तुला?… वाटलंच मला."

पुढच्या प्रश्नाला हरिचंद्र अडखळला. खोटं बोलणं सोपं होतं. पण गाण्याबजावण्याच्या बाबतीत तो शंकरशी आजवर खोटं बोलला नव्हता.

"लोकांना?… नाही. कुणालाच कळलं नाही… टाळ्या पडल्या. जोरात पडल्या."

त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आहेस ना?… शंकर?… काय?… नाही, मी परत नाही जाणार. तू सांगितलंस तरी नाही… अरे, घर काय तुलाच आहे? मलाही आहे. बघू काहीतरी… तुझा राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावर काढ, त्या गिटारनं काय केलंय?… मी येतो तिकडे. येईपर्यंत दारातून हलू नकोस… ती आधी खाली ठेव… ठेव रे…"

"ठेवलीस?… हां. तार वाजली. आली मला ऐकू."

खट झालं. शंकरनं फोन ठेवला होता.