दात्याची दाढ

— नाही, नाही, डॉक्टरबाई, दाढ उपटा, हिरडी कापा, काय करायचं ते करा, पण अँटिबायोटिक लिहू नका. गाल सुजलाय ते दिसतंय मला, आरसा आहे घरी — बायको नाही, आरसा आहे — म्हणजे, ते सोडा. पू झालाय, गळ्यापर्यंत उतरेल, जिवावर बेतेल, सगळं ऐकलं मी. पण ती गोळी पोटात गेली की तीन महिने मी बाद. कशातून बाद? आता कसं सांगू तुम्हाला... मी दाता आहे. रक्ताचा नाही हो, रक्त कोणीही देतं. मी, म्हणजे सकाळी सकाळी, डब्यात — शौचाचा. हसलात ना? हसा, हसा, मीही हसलो होतो पहिल्यांदा.

बायकोला मोठ्या आतड्याचा आजार. आतून सूज, जखमा, रक्त. वर्गात मुलांना शिकवता शिकवता खडू टाकून पळायची बिचारी. औषधं झाली, स्टिरॉइड झाली, चेहरा फुगला, सगळ्यांनी हात टेकले. मग पोटाचे मोठे डॉक्टर म्हणाले, आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू नांदत असतात, आणि हिच्यातले चांगले कमी झालेत, भांडखोर वाढलेत. मी विचारलं, म्हणजे जिवाणू बिघडले म्हणून आतडं सुजलं ना? तर म्हणाले, तेच अजून नक्की कळलेलं नाही — आतडं सुजलं म्हणून जिवाणू बिघडले असंही असेल. पण निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू आत सोडून बघतोय, काहींना गुण येतो, काहींना नाही. मी तिथल्या तिथे हात वर केला. किती तपासण्या केल्या माझ्या! सगळ्यांत पास. शाळेत कधी पहिला आलो नाही, इथे आलो.

आणि गुण आला हो! रक्त थांबलं. मी बस चालवतो, स्टँडवर बाकीचे नाही नाही ते चापत असतात, पण मी बाहेरचा घास बंद केला, दारू बंद, ताप आला तरी गोळी नाही — अँटिबायोटिकने चांगले जिवाणूही मरतात ना. माझं पोट म्हणजे तिचं पोट ना! आणि रोज विचारायचो, आज कितीदा गेलीस? रक्त दिसलं का? फोनवर, जेवताना, पाहुण्यांसमोर — काळजीपोटीच हो! एकदा बाथरूमच्या दाराशी उभा राहून विचारत होतो, तर आतून म्हणाली, "तू माझ्या पोटाशी लग्न केलंयस, माझ्याशी नाही." आता यावर माणसाने काय बोलायचं? मी विचारलं, पोटात दुखतंय का?

गेली. बरी झाली आणि गेली. आजारीच राहिली असती तर — नाही, असं मनात येऊ नये. पण येतं. ती दूर जात होती म्हणून मी मागे लागलो, की मी मागे लागलो म्हणून ती दूर गेली — आमच्याही बाबतीत कोणाला नक्की माहीत नाही बघा.

पण डबा चालू होता! मधूनमधून द्यावा लागतो ना, नाहीतर पुन्हा सूज येते. ती तिकडे, मी इकडे, आणि मी डबा घेऊन धावत प्रयोगशाळेत. तिथल्या ताईंना विचारायचो, कशी आहे ती? सांगायची परवानगी नाही, म्हणायच्या, पण चेहऱ्यावरून कळायचं मला. लोक फुलं पाठवतात, चिठ्ठ्या पाठवतात, त्या परत येतात. माझं कधी परत आलं नाही, डॉक्टरबाई. नवऱ्याचं बाकी सगळं तिला नकोसं झालं होतं, हे मात्र घेत होती.

आणि परवा ताई डबा घेईचनात. म्हणाल्या, "दादा, आता नका आणू. त्यांना घरातलाच दाता मिळालाय." घरातला! अहो, तिला आईवडील नाहीत, भाऊबहीण नाही. मग घरातला कोण? ताईंनी जीभ चावली, पण बोलून तर गेल्या होत्या. मी काय विचारावं? म्हटलं, त्याच्या तपासण्या नीट झाल्यात ना? म्हणाल्या, हो, सगळ्यांत पास. म्हटलं, बरं झालं. आणि तो डबा मांडीवर घेऊन दुसऱ्याच्या बसने घरी आलो, सगळ्यात मागच्या सीटवर बसून.

पण तोही माणूसच ना? त्याचीही दाढ कधी ठणकेल, तो मुकाट्याने गोळी घेईल, आणि हिचं रक्त पुन्हा सुरू झालं तर? कोणाकडे धावतील? कोणीतरी तयार नको? म्हणून म्हणतोय, लिहू नका... काय? नाही, तिने सांगितलं नाही असं. फोन? नाही. नाही आला. ...असं बघू नका हो माझ्याकडे. दातांच्या डॉक्टर ना तुम्ही, दातांकडे बघा.

...

लिहा. कुठली लिहायची ती लिहा, घेतो मी. तेवढा तो दिवा बाजूला करा, डोळ्यांत पाणी येतंय त्याने. हं, करतो आ. आता नाही बोलणार.