घड्याळाच्या पाठीवरची गिचमिड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भागवतराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती डॉक्टर शिवमूर्ती साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सुमनबाई, नांदेड-लातूर जुने घड्याळ संग्राहक मंडळाचे सर्व सन्माननीय सभासद, आणि मागं उभं राहून ऐकणाऱ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

मी पंचफुला. साहेबांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं सिस्टर होते. आता साहेब पुण्याला मुलाकडे कायमचे चाललेत, उद्या सकाळी टेम्पो येणार, तेव्हा सिस्टरांनी दोन चांगले शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. पत्रिकेत वेळ पाचची होती. सभागृहात मोजून पन्नास तरी स्विस घड्याळं असतील, आणि कार्यक्रम सव्वासातला सुरू झाला. पण त्यात तुमचा काय दोष? जुन्या घड्याळाला रोज चावी दिली तर यंत्र झिजतं म्हणे. म्हणून तुम्ही ती बंदच ठेवता आणि वेळ मोबाइलमध्ये बघता. शोभेचं घड्याळ पातळ असतं, ते शर्टाच्या बाहीखाली लपावं, त्यातच खानदानीपणा, हेही मी साहेबांकडूनच शिकले. मघाशी चहा वाटणाऱ्या पोरींपुढंसुद्धा बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या दिसल्या, तो बहुतेक उकाडा असावा.

साहेबांबद्दल चांगलं बोलायचं तर पुष्कळ आहे. माणूस हाताचा हुशार. मोडलेलं हाड असं जोडायचे की पेशंट महिन्यात म्हशीमागं पळायचा. फक्त ड्रेसिंगला मी हातमोजे पुढं केले की म्हणायचे, "चालतंय हो सिस्टर." तेच साहेब घड्याळाच्या कपाटाला हात लावताना पांढरे सुती मोजे घालतात. ज्याची त्याची कदर.

आता मघाचं बोलते. साहेबांनी आपल्या भाषणात पडद्यावर दोन फोटो दाखवले. एक "आधी", एक "नंतर". साधंच स्विस घड्याळ, सोन्याच्या मुलाम्याचं, पाठ पोलादी. आधीच्या फोटोत पाठीवर रेघोट्या होत्या. नंतरच्या फोटोत पाठ आरशासारखी. साहेब म्हणाले, "मागं काहीतरी गिचमिड होती. कुणाचं तरी नाव असलं की घड्याळाची किंमत उतरते. मुंबईहून बफ मारून, घासून आणलं. आता कसं कोरं करकरीत!" तुम्ही टाळ्या वाजवल्या. भागवतरावांनी तर उभं राहून वाजवल्या.

ते घड्याळ मी दिलेलं आहे. ती गिचमिड माझ्या बापाचं नाव होतं.

बसा, भागवतराव, बसा. चिठ्ठी पाठवू नका. मला वेळेचं भान आहे, माझं घड्याळ चालू असतं.

माझे वडील लिंबाजी. मुखेडकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि त्यानंतर थोड्या वर्षांनी त्यांना नोकरी लागली. गावातली पोरं त्यांच्याकडं शिकायची आणि त्याच पोरांचे बाप त्यांना "ए लिंब्या" म्हणून हाक मारायचे. गावातले मोठे जमीनदार किशनराव, त्यांच्या वाड्यापुढं तहान लागली तर किशनरावांची आई धोंडाबाई वरून पाणी ओतायची आणि बाबा ओंजळीनं प्यायचे. मी लहान होते. बाबांच्या कोपरावरून ओघळणारं ते पाणी मला अजून दिसतं.

पुढं बाबांची बदली भोकरला झाली. गावानं वर्गणी केली. किशनराव स्वतः हैदराबादला जाऊन हे घड्याळ घेऊन आले. त्या काळी आपल्याकडं चांगल्या वस्तूला हैदराबादच. पाठीवर काय कोरायचं यावर पारावर बसून खल झाला. कुणी म्हणालं, नुसतं लिंबाजी टाका, बास झालं. तेव्हा धोंडाबाई घरातून बाहेर आली. ती काय म्हणाली ते बाबा मरेपर्यंत तिच्याच आवाजात सांगायचे. "नुसतं नाव नगं. माझ्या नातवाला वाचाया शिकवलं त्यानं. गुरुजी टाका. आन म्होरं आमचे टाका."

"आमचे लिंबाजी गुरुजी." एवढीच ती गिचमिड होती, साहेब.

लोक वेळ बघायला घड्याळाचं तोंड बघतात. आमचे बाबा मनगटावरून घड्याळ काढून पाठ बघायचे. आई चिडायची, "अहो, काटे तिकडून हायत." बाबा म्हणायचे, "ठावं हाय."

ते गेल्यावर मी आणि माझा भाऊ विनोद, आम्ही विचार केला. घरात हरवेल, पोरं मोडतील. साहेबांसारख्या जाणकारापाशी राहिलं तर चालतं राहील. साहेबांनी शब्द दिला, "सिस्टर, जिवापाड जपतो." मी नाव वाचून दाखवलं होतं त्यांना. तेव्हा त्यांनी मान हलवली होती. आज कळलं, ते भिंगातून यंत्राचा नंबर बघत होते.

आणि गंमत बघा. त्याच घड्याळाची तबकडी पिवळी पडली आहे, कंपनीचं नाव निम्मं उडालं आहे. तिला साहेबांनी बोटसुद्धा लावू दिलं नाही. मघाशीच म्हणाले ना, "तबकडी मूळचीच पाहिजे, तो काळाचा ठसा आहे." म्हणजे जिनं कधी मुखेड पाहिलं नाही त्या कंपनीचं नाव हा काळाचा ठसा, आणि ज्यानं मुखेडची पोरं शिकवली त्याचं नाव गिचमिड. काय हो तुमची पारख! तुम्ही परस्परांना रसिक म्हणता. मला तुमच्यात आणि भंगारवाल्यात एकच फरक दिसतो. भंगारवाला निदान रसिक असल्याचं सांगत नाही.

विनोद आज मुखेडहून एसटीनं आलाय. उद्या घड्याळ पुण्याला जाणार, त्याआधी एकदा बाबांचं नाव वाचावं, बोटानं चाचपावं, एवढ्यासाठी. तिसऱ्या रांगेत बसला होता. फोटो बघून उठून बाहेर गेला. तुम्हाला वाटलं असेल, पान खायला गेला.

साहेब, मान खाली घालू नका. मी घड्याळ परत मागणार नाही. कालपर्यंत त्यात आमचं काहीतरी होतं. आता ते पूर्ण तुमचं झालं. किंमतही वाढली. खुशाल न्या.

अध्यक्षांनी माझ्याकडं आणखी एक काम दिलंय. मंडळातर्फे हे चांदीचं ताट माझ्या हातून साहेबांना द्यायचं आहे. मधोमध कोरलंय, मी वाचते, "आमचे डॉक्टर शिवमूर्ती." अक्षर ठसठशीत आहे. सांभाळून ठेवा, साहेब. तुमच्या माघारी कुणा रसिकाच्या हाती पडलं, तर कुणाचं तरी नाव म्हणून तो आधी मुंबईला पाठवेल.

नाही, नाही, टाळ्या नकोत. माझ्या बापाच्या नावाच्या टाळ्या तुम्ही मघाशीच वाजवल्या आहेत.

मला बोलायची संधी दिलीत, चहा दिलात, आभारी आहे. सुमनबाई, तुमचा प्रवास सुखाचा होवो. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाला बोचलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्यावं. तुम्हाला तर पोलादावर कोरलेलंही पुसता येतं, नुसत्या बोललेल्याची ती काय कथा! जयभीम.